सागवानी खांबांच्या जुन्या घरात भिंतींना आतून इन्सुलेशन करायला किती खर्च येतो?

तुमचं घर भंडारा जिल्ह्यात. सागवानी खांब, मधे कुडाच्या भिंती, वर कवेलू. चारही बाजूंच्या भिंती आतून झाकायला ठेकेदाराने १ लाख ६० हजार सांगितले, आणि हा भाव बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. भाव फार चुकीचा नाही. पण एवढं काम करूच नका, असं मी कळकळीने सांगतो.

आमचं घर सिंदेवाहीकडचं, तुमच्यासारखंच. २०२३ च्या मार्चमध्ये मी माजघराची फक्त पश्चिमेची भिंत केली, १४ फूट लांब आणि ९ फूट उंच, म्हणजे १२६ चौरस फूट. दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची उष्णता अडवणारी गादी, ३२ रुपये फुटाने साधारण ४ हजार. वरून सिमेंटचा फायबर बोर्ड ४५ रुपयांनी ५,६७०. पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा ३,८००, मजुरी ४,४१०, नागपूरहून माल आणायचे दीड हजार आणि उधईच्या (वाळवीच्या) औषधाचे १,८००. सगळे मिळून २१ हजार दोनशेच्या आसपास, म्हणजे फुटाला १६८ रुपये पडले. आता भाव थोडे चढले असतील.

चारही भिंती का नको, ते सांगतो. नागपूर-भंडाऱ्याकडे २६ मेच्या आसपास शून्य सावली दिवस येतो, सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. मार खातं ते छत, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पूर्वेची सकाळी तापते, पण तेव्हा हवाच अजून तापलेली नसते. तेव्हा पहिला पैसा छताला. मी कवेलूंच्या खाली बांबूचे तट्टे ठोकून त्यावर तेच रॉकवूल अंथरलं. १६८ फुटांच्या खोलीला तेरा हजार लागले. भिंतीच्या आधी, फेब्रुवारीतच हे काम उरकलं होतं. आदल्या मेमध्ये दुपारी चारला खोलीत ४१ दाखवणारा थर्मामीटर त्या मेमध्ये बाहेर तेवढंच ऊन असताना ३८ वर होता. यातला मोठा वाटा मी छताला देतो. भिंतीचा गुण रात्री कळला: पूर्वी दहा वाजेपर्यंत तिच्याजवळ खाट टाकता येत नसे, आता येते.

चार इंची कुडापेक्षा दोन इंची रॉकवूल उष्णता सात-आठ पट जास्त अडवतं, हे खरं. पण घरात कूलर चालत असेल तर तो बाहेरची हवा ओढतो आणि ती दुसऱ्या खिडकीतून बाहेर जावीच लागते. अशा खोलीत चारी भिंतींवर केलेला खर्च वसूल होत नाही. एसी लावणार असाल तर त्या एकाच खोलीच्या सगळ्या भिंती करा. तिथे तो पैसा कामी येतो.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. ठेकेदार सागवानी खांबांवरून बोर्ड मारून सगळं सपाट करायला बघेल, तसं करू देऊ नका. खांब उघडे ठेवा, रॉकवूल दोन खांबांच्या मधेच बसवा. झाकलेल्या खांबात ओल धरली की लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काही दिसत नाही. जमिनीपासून सहा इंच भिंत मोकळी सोडा, म्हणजे उधईची मातीची नळी चढताना दिसेल. आमच्या शेजारच्या घरात ती बोर्डमागून थेट मयालीपर्यंत, म्हणजे वरच्या आडव्या तुळईपर्यंत गेली होती, आणि कळलं तेव्हा मयाल पोकळ झाली होती. इतकं जुनं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर भिंतींच्या खर्चाचं काहीच वाटणार नाही.

परदेशी व्हिडिओंत आतून प्लास्टिकचा कागद लावतात. तो थंडीच्या देशांचा उपाय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुड भिजतो आणि त्याला आतल्या बाजूनेही वाळावं लागतं, म्हणून प्लास्टिक नको. त्याच कारणाने कुडावर सिमेंटचा गिलावाही नको, शिवाय तो मातीला धरत नाही, पापुद्रे सुटतात. थर्माकोल स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो आणि उंदीर त्यात घर करतात. लाकडी घरात तो आणूच नका. रॉकवूल दगडाच्या धाग्यांचं असतं, जळत नाही. मात्र बसवताना तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, अंग खाजतं. जुनी वायरिंग असेल तर आधी ती पाइपात घालून घ्या.

एवढाही पैसा नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून माती, शेण आणि धानाचं तणीस मिसळून तीन-चार इंचांचा जाड लेप द्या आणि वर पडवीचं छप्पर लांब काढा. रॉकवूलइतका गुण नाही, पण माती घरचीच असते आणि मजुरीच्या पैशात काम होतं.

काम फेब्रुवारी-मार्चमध्येच करा, भिंत कोरडी असते. पश्चिमेच्या भिंतीचं माप आणि दोन खांबांमधलं अंतर लिहून पाठवा, किती माल लागेल ते मी काढून देतो.