आमदारांकरवी विधानसभेत लेखी प्रश्न विचारून घ्यायचा आहे. तो कसा लिहून द्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या तुमच्या गावातली भातशेते माती टाकून बुजवली जात आहेत, पंचायत दाद देत नाही, आणि आमदार म्हणाले, ‘लिहून द्या, येत्या अधिवेशनात प्रश्न टाकतो.’ काय लिहून द्यायचे, तारांकित (तोंडी उत्तराचा) सांगायचे की अतारांकित (लेखी उत्तराचा), आणि त्यातून हाती काय लागेल, हे तुम्हाला हवे आहे.

आमदार तयार आहेत, म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मसुद्यावर आहे. विधानसभेतले कितीतरी चांगले प्रश्न वाया जातात ते खाते लबाड असते म्हणून नव्हे, तर प्रश्नातच पळवाट ठेवलेली असते म्हणून. नेहमी दिसणारा मसुदा बघा:

‘(अ) अमुक गावात शेतजमिनी बेकायदा बुजवल्या जात आहेत हे खरे आहे काय, (आ) असल्यास सरकारने काय कारवाई केली, (इ) नसल्यास, कारवाई न करण्याची कारणे काय?’

याचे उत्तर तीन ओळींत येते: ‘(अ) नाही. (आ) उद्भवत नाही. (इ) उद्भवत नाही.’ हे उत्तर खोटेही नसते. खात्याच्या लेखी एखादे काम ‘बेकायदा’ ठरते ते सुनावणी होऊन तसा आदेश निघाल्यावर. आदेश निघालाच नसेल तर बेकायदा काम एकही नाही, आणि पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटले की पुढचे दोन्ही भाग आपोआप गळून पडतात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. हे उत्तर विधानसभेच्या नोंदीत कायमचे बसते, आणि उद्या ग्रामसभेत तुम्ही उभे राहिलात की समोरचा तोच कागद दाखवतो.

म्हणून दोन गोष्टी सांभाळा. प्रश्नाचा प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. ‘असल्यास’, ‘नसल्यास’ने दुसऱ्या भागावर टेकू नका. आणि खात्याचे मत विचारू नका, खात्याच्या नोंदवहीत जे लिहिलेले असते तेच विचारा: तक्रार आली ती तारीख, पाहणीची तारीख, पंचनामा, कारणे दाखवा नोटीस, काम थांबवण्याचा आदेश, परवानगीचा क्रमांक. या नोंदी एकतर असतात किंवा नसतात. त्यांना ‘नाही’ म्हणणे अवघड, आणि नसतील तर ‘शून्य’ हे उत्तरही तुमच्या कामाचे.

आता प्रश्न कुणाला घालायचा ते बघू. गोव्यात शेत बुजवणे हा एका खात्याचा विषय नाही. नगर नियोजन कायदा १९७४ च्या कलम १७-अ खाली डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला मुख्य नगर नियोजकांची परवानगी लागते. हा भाग नगर नियोजनमंत्र्यांचा. शेतजमीन बिगरशेतीसाठी वापरायची तर भू-महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली सनद लागते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणून महसूलमंत्री. जमीन कुळाच्या नावावर आलेली असेल तर १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा लागतो, त्याखाली ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. हेही महसुलाकडे विचारा. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती) असेल आणि बांध किंवा मानस (पाणी अडवायचे-सोडायचे दार) मोडली असेल तर कृषी खाते. बुजवलेल्या जागेवर बांधकाम उभे राहिले असेल तर पंचायतमंत्री. सगळे एकाच प्रश्नात कोंबले तर विधिमंडळ सचिवालय तो मुख्य वाटेल त्या खात्याकडे धाडते, आणि बाकीच्या भागांना ‘हा विषय या खात्याशी संबंधित नाही’ असे उत्तर येते. एकाच दुखण्याचे तीन प्रश्न, तीन मंत्र्यांना. आमदारांना एका दिवसासाठी ठरावीक संख्येनेच प्रश्न देता येतात, म्हणून तिन्ही एकाच वाराला पडणार नाहीत हेही पाहा. मंत्र्यांचे गट आणि वार वेगवेगळे असतात.

नगर नियोजनमंत्र्यांसाठी मी मसुदा असा लिहीन. तारखा आणि नावे तुमच्याप्रमाणे बदला:

‘(अ) १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात अमुक तालुक्यातील अमुक महसुली गावात सखल जमीन भरल्याबद्दल खात्याकडे आलेल्या तक्रारींचा तपशील, सर्व्हे क्रमांक व उपविभाग, तक्रारीची तारीख आणि स्थळपाहणीची तारीख यांसह;
(आ) त्याच काळात त्या गावात कलम १७-अ खाली दिलेल्या परवानग्यांचा तपशील, सर्व्हे क्रमांक व उपविभाग, आदेशाचा क्रमांक, तारीख आणि भरण्यास परवानगी दिलेले क्षेत्र चौरस मीटरमध्ये;
(इ) त्याच काळात बजावलेल्या कारणे दाखवा नोटिसा व काम थांबवण्याचे आदेश, सर्व्हे क्रमांक, तारीख आणि आजची स्थिती यांसह;
(ई) तालुक्याच्या भरारी पथकाने त्या गावात केलेल्या पाहण्यांच्या तारखा आणि पाहणी अहवालांच्या प्रती.’

प्रत्येक भागात सर्व्हे क्रमांक मुद्दाम मागितला आहे. उत्तर आले की तीन तक्ते शेजारी शेजारी ठेवायचे. जो सर्व्हे क्रमांक तक्रारींच्या तक्त्यात आहे, पण परवानग्यांच्या तक्त्यातही नाही आणि नोटिशींच्या तक्त्यातही नाही, तो तुमचा मुद्दा. तिथे माती पडली, तक्रार झाली, परवानगी नव्हती, तरी कुणी हलले नाही, हे सरकारनेच सहीनिशी लिहून दिलेले असते. त्याला विशेषण लावायची गरज उरत नाही. उपविभाग विसरू नका. एका सर्व्हे क्रमांकाखाली वीस-पंचवीस उपविभाग असू शकतात, आणि नुसत्या क्रमांकावरून कुणाचे शेत ते ठरत नाही. एक-चौदाचा उतारा (जमिनीचा हक्कनोंदीचा कागद) समोर ठेवूनच मसुदा लिहा. गावाचे नावही उताऱ्यावर असते तेच घाला. वाड्याचे नाव घातलेत तर खाते ‘असे महसुली गाव नाही’ म्हणून मोकळे होते.

पुढचा घोळ व्याप्तीचा. ‘गेल्या दहा वर्षांत संपूर्ण राज्यात’ असे विचारले की प्रश्न भारदस्त वाटतो, पण खात्याला बाराही तालुक्यांच्या कार्यालयांतून माहिती जमवावी लागते. मग येते ते ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’. मी एक गाव आणि दोन वर्षे, किंवा एक तालुका आणि एक वर्ष, यापुढे जाणार नाही. तीनशे पानांचे परिशिष्ट आले आणि ते वाकड्या स्कॅनवर असेल तर त्यातून काही शोधणे जिकिरीचे होते. राज्यभराचे आकडे हवेच असतील तर यादी न मागता तालुकावार नुसती संख्या मागा.

योजनांवरचे प्रश्न घालताना हाच नियम वेगळ्या तऱ्हेने लागतो. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना किंवा गृह आधार या राज्याच्या मदत योजनांवर ‘किती लाभार्थी’ विचारले की मंजूर झालेल्यांचा आकडा येतो आणि चित्र छान दिसते. मंजूर, प्रत्यक्ष पैसे वाटलेले आणि प्रलंबित असे तीन आकडे वेगवेगळे मागा, आणि प्रलंबितांत सर्वांत जुना अर्ज कोणत्या तारखेचा ते विचारा. ती एक तारीख आकड्यांपेक्षा जास्त बोलते. लाभार्थ्यांची नावे मात्र मागू नका. म्हाताऱ्या माणसांची खासगी माहिती जाहीर करून काही साधत नाही, आणि त्या एका मागणीवरून सगळाच प्रश्न अडकू शकतो.

प्रश्न फेटाळला जाण्याची कारणे बहुतेक विधिमंडळांत सारखीच आहेत. प्रश्नात युक्तिवाद, उपरोध, आरोप किंवा बदनामी नको. काल्पनिक परिस्थितीवर किंवा कायद्याच्या अर्थावर मत मागू नये. आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा नको. आणि जे न्यायालयात प्रलंबित आहे ते नको. ‘सरकार झोपले आहे काय’ ही ओळ घातली की प्रश्न बाद व्हायला निमित्त मिळते. न्यायप्रविष्ट या शब्दाला घाबरून विषय सोडू नका. दाव्याच्या गुणदोषांवर विचारता येणार नाही, पण नोटीस कोणत्या तारखेला बजावली ही तारीख आहे, मत नव्हे. आधी विचारलेले प्रश्न बघायला गोवा विधानसभेच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार उत्तरे असतात. जुने उत्तर सापडले तर बरेच, कारण मग मसुदा ‘अमुक अधिवेशनातील अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नमूद केलेल्या नोटिशींवर त्यानंतर झालेली कारवाई’ असा सुरू करता येतो, आणि खात्याला स्वतःच्याच शब्दांपासून पळता येत नाही.

तारांकित की अतारांकित? तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि आमदारांना पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. तुमच्या हाती आज पुरावा नाही, म्हणून आधी अतारांकित. तक्ते हाती आल्यावर, पुढच्या अधिवेशनात, त्यातला एकच सर्व्हे क्रमांक घेऊन तारांकित. प्रश्नोत्तराचा तास एकच असतो, पहिले काही प्रश्न लांबले की मागचे तोंडी उत्तरापर्यंत पोचतच नाहीत आणि त्यांचे लेखी उत्तर तेवढे ठेवले जाते. तारांकित टाकलात तर आमदारांना एका पानाचे टिपण द्या. त्यात तीनच पुरवणी प्रश्न असावेत, प्रत्येकाखाली कागदाचा क्रमांक आणि तारीख. मंत्री ‘तपासून सांगतो’ म्हणाले की आमदारांनी ‘किती दिवसांत’ एवढेच विचारावे. सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीकडे, म्हणजे मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, जातो. मुदत सांगितलेला शब्द धरून ठेवणे सोपे.

वेळेचे गणित बहुतेकांचे चुकते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की प्रत्येक दिवसाच्या प्रश्नांसाठी शेवटची तारीख ठरते, आणि ती त्या दिवसाच्या बरीच आधी असते. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांना कागद देणे म्हणजे पुढच्या अधिवेशनासाठी देणे. छोट्या अधिवेशनात एकेका मंत्र्याचा वार एकदाच येतो. तुमचा मसुदा तारखा जाहीर होण्याआधीच आमदारांच्या सहायकाकडे टंकलिखित पडलेला असावा. मराठीत लिहिलात तरी चालेल, पण इंग्रजी प्रत सोबत जोडा. खात्यातली उत्तरे इंग्रजीत तयार होतात, आणि भाषांतर करताना ‘बुजवणे’चे ‘लेव्हलिंग’ होते. ‘लेव्हलिंग’ला परवानगी लागत नाही असे मग उत्तर येते.

विषय केंद्राचा असेल तर आमदारांचा उपयोग नाही. मुरगाव बंदरातला कोळसा किंवा म्हादईवरून केंद्राने घेतलेले निर्णय, हे खासदारांकडे न्या. लोकसभेत आपले दोन आणि राज्यसभेत एक. लोकसभेत किमान १५ दिवसांची सूचना लागते, प्रश्न साधारण १५० शब्दांच्या आत हवा, आणि दिवसाला २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. म्हणजे तिथे अतारांकितालाच खरी संधी.

उत्तर पटलावर येईपर्यंत त्याचा गाजावाजा करू नका, वर्तमानपत्रालाही देऊ नका. तो सभागृहाच्या हक्काचा विषय होतो आणि अडचण आमदारांची होते. पटलावर आल्यानंतर ते सार्वजनिक. परिशिष्टाची पाने मोजा; ‘परिशिष्ट ब सोबत जोडले आहे’ असे लिहून परिशिष्ट ब नसणे हे घडते. तसे असेल तर आमदारांनी त्याच दिवशी सचिवालयाला लेखी कळवावे. उत्तरात चूक सापडली तर ती अध्यक्षांच्या निदर्शनास लेखी आणावी, खात्याच्याच दुसऱ्या कागदासह. हक्कभंगाची भाषा लगेच नको. त्यासाठी मंत्र्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावे लागते, आणि चुकीचा तक्ता बहुधा खालच्या टेबलावरून आलेला असतो.

मग माहिती अधिकार. आधी नव्हे, नंतर. उत्तरात आदेशाचा क्रमांक आणि तारीख मिळालेली असते, म्हणून अर्जात ‘अमुक क्रमांकाच्या फाईलची टिपणीसह प्रत’ एवढे नेमके मागता येते, आणि ‘माहिती संदिग्ध आहे’ असा शेरा मारायला जागा राहत नाही. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, त्यानंतर पहिले अपील. पूर्वी माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(ञ)खाली (खासगी माहिती नाकारण्याचे कलम) एक परंतुक होते की जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या कलमाची रचना बदलून ते परंतुक वगळले. म्हणून त्या आधारावर भांडू नका. तुमचा आधार साधा ठेवा: हा आदेश सार्वजनिक अधिकाऱ्याने दिलेला आहे, सरकारने विधानसभेत तो दिल्याचे सांगितले आहे, आणि मला त्याची प्रत हवी आहे.