बसथांब्यासाठी रॅम्प मागताय? आधी टेप घ्या

निवेदन लिहायची घाई नको. सोलापुरातला सात रस्ता असो वा पार्क चौक, एकच थांबा निवडा आणि मोजा. चढ १:१२ पेक्षा उभा नको. म्हणजे पदपथ १५ सेंमी उंच असेल तर रॅम्प १.८० मीटर लांब, रुंदी किमान १.२० मीटर. बिघडतं ते इथेच. अर्ध्या मीटरचा सिमेंटचा उतार ओतून काम उरकतात आणि त्यावर व्हीलचेअर मागे कलंडते. टेप दिसेल असा फोटो काढा. मोजताना व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती सोबत हवीच, तिला जे जाणवतं ते टेपला कळत नाही.

निवेदनात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४१ लिहा. त्यात बसथांब्यांचा उल्लेख आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय महापालिकेतून हलू नका.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘रॅम्प का नाही?’ असं विचारलं की उत्तर टाळता येतं. कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) यांच्या प्रती मागा.

आणि रॅम्पसाठी थांब्यामागचा कडुनिंब तोडू देऊ नका. रॅम्प दोन हात सरकवता येतो, सोलापूरच्या मे महिन्यात ती सावली दुसरीकडून आणता येत नाही.