मोड घालून हिऱ्यांचा सेट करावा का?

प्रश्न: मुलीचं लग्न येत्या फेब्रुवारीत आहे. सासूबाई 2016 मध्ये गेल्या. त्यांनी मृत्युपत्रात माझ्या नावे ठेवलेले तोडे आणि पाटल्या (चिठ्ठीवर तोडे पाच आणि पाटल्या साडेतीन, मिळून साडेआठ तोळे, म्हणजे 85 ग्रॅम), बोरमाळ, मोत्यांची नथ आणि त्यांच्या आईच्या हिऱ्याच्या कुड्या माझ्याकडे आहेत. सराफ म्हणतात, सगळं मोडीत घाला, नैसर्गिक हिऱ्यांचा सेट होईल आणि ती गुंतवणूकही राहील. मुलीला लॅबग्रोन (प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे) चालतील. सेटसाठी तीन लाखांची ठेव बाजूला ठेवली आहे. मला स्वतःचं उत्पन्न नाही. दोन्ही सेटचे लेखी अंदाज सोबत पाठवले आहेत. काय करावं?

(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, सगळ्यात आधी त्या चिठ्ठीबद्दल. साडेआठ तोळे म्हणजे 85 ग्रॅम असं तुम्ही धरलंय. आज बोलताना आपण 10 ग्रॅमला तोळा म्हणतो, पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. तुमच्या आजेसासूबाईंच्या काळातली चिठ्ठी असेल तर तोडे पाच तोळे म्हणजे 58 ग्रॅम, पाटल्या साडेतीन तोळे म्हणजे 41 ग्रॅमच्या जवळपास, एकूण 99 ग्रॅम. फरक 14 ग्रॅमचा. शुद्ध सोन्याचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी 10 ग्रॅमला एक लाख धरला आणि जुन्या दागिन्याचा कस 21 कॅरेट निघाला, तर हा फरक सव्वा लाखाच्या घरात जातो. म्हणून आजच घरातला प्रत्येक नग वेगवेगळा वजन करून, फोटोसह वहीत नोंदवा. त्याआधी कुठल्याही पेढीवर मोडीची भाषा नको.

आता मुख्य मुद्दा. सेटमधलं सोनं ही मालमत्ता आणि हिरे हा खर्च, असं मी मानते. नैसर्गिक असोत वा लॅबग्रोन. हे का, ते तुम्ही पाठवलेल्या दोन अंदाजांवरूनच दिसतं.

नैसर्गिक हिऱ्यांचा सेट: 18 कॅरेटचं 45 ग्रॅम सोनं, म्हणजे शुद्ध 33.75 ग्रॅम, किंमत 3,37,500. बारीक हिरे 4 कॅरेट (हे हिऱ्याचं वजन, सोन्याच्या कसाचं कॅरेट वेगळं), 75,000 रुपये कॅरेटप्रमाणे 3,00,000. घडणावळ ग्रॅमला 1,500 म्हणजे 67,500. बेरीज 7,05,000, त्यावर 3 टक्के जीएसटी 21,150. एकूण 7,26,150 रुपये. हाच सेट उद्या त्याच पेढीवर परत दिला तर घडणावळ आणि जीएसटी गेले. सोन्याचे पूर्ण पैसे मिळाले आणि हिऱ्यांचे त्यांनी कबूल केलेले 80 टक्के मिळाले, तर हातात 5,77,500. म्हणजे पहिल्याच दिवशी दीड लाखाचा खड्डा, तोही पेढीने शब्द पाळला तर. दुसऱ्या पेढीवर गेलात तर बारीक हिऱ्यांना कोणी विचारत नाही, बहुतेक ठिकाणी सोन्याच्या वजनावरच बोलणं सुरू होतं.

लॅबग्रोनचा सेट: सोनं आणि घडणावळ तीच, हिरे 4 कॅरेट, 20,000 रुपये कॅरेटप्रमाणे 80,000. बेरीज 4,85,000, जीएसटीसह 4,99,550. परत विकताना हिऱ्यांची किंमत शून्य धरा. सोन्याचे 3,37,500 येतील, तूट 1,62,050.

दोन्हीकडची तूट जवळपास सारखीच आहे. फरक एवढाच की नैसर्गिकमध्ये सव्वादोन लाख जास्त गुंतून पडतात आणि ते सोडवणं एका दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहतं. सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. बारीक हिऱ्याचा तसा भाव सामान्य गिऱ्हाईकासाठी कुठेच नाही. सोनेतारण कर्जाला गेलात तर बँक खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोन्यावरच कर्ज देते. ज्या वस्तूवर बँक एक रुपया देत नाही तिला गुंतवणूक म्हणू नये.

लॅबग्रोनच्या बाजूने कोणी तुम्हाला ‘याचाही भाव वाढेल’ असं सांगितलं तर तेही सोडून द्या. सीव्हीडी यंत्रात हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर चढवून काही आठवड्यांत कच्चा हिरा तयार होतो. सुरतेत अशी यंत्रं मोठ्या संख्येने आहेत, पुरवठा वाढतच राहतो. डी बिअर्स या मोठ्या हिरे कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स हा लॅबग्रोन ब्रँड काढला तेव्हा कॅरेटला सरसकट 800 डॉलर असा दर ठेवला होता. भाव घसरत गेले आणि 2025 मध्ये कंपनीने तो ब्रँडच बंद करायचं ठरवलं. म्हणून मी वर शून्य धरलं. हा खर्च आहे हे मान्य करून केला, तर लॅबग्रोन ही मुलीची अगदी समंजस निवड आहे. रासायनिकदृष्ट्या तो हिराच असतो, चमक आणि कठीणपणा तोच.

आता तीन लाखांत बसवायचं कसं? सेट 14 कॅरेटमध्ये करा. 585 (हजार भागांत 585 भाग सोनं) हा हॉलमार्कचा मान्य कस आहे, आणि त्यात मिश्रधातू जास्त असल्याने खडे धरणारे काटे घट्ट राहतात. तोच घाट ठेवला तरी 14 कॅरेटमध्ये वजन आपोआप उतरतं, कारण शुद्ध सोन्यापेक्षा त्यातला तांबं-चांदीचा भाग हलका. शिवाय नेकलेसची मागची बाजू थोडी हलकी करायला सांगा. 30 ग्रॅममध्ये सोनं 1,75,500, हिरे 80,000, घडणावळ 45,000, जीएसटी 9,015, मिळून 3,09,515. ठेवीवरच्या व्याजासकट भागतं. काही सराफ 14 कॅरेट परत घ्यायला कुरकुरतात, तेव्हा परत घेण्याचा दर बिलावरच लिहून घ्या.

म्हणजे मोड घालायची गरजच उरत नाही. पाटल्या तशाच्या तशा मुलीला द्या. आईने मुलीला दिलेल्या दागिन्यावर दोघींनाही कर नाही.

मोडीत घातलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायला हवं, कारण पेढीवर ते कोणी सांगत नाही. जुना दागिना देऊन नवा घेणं ही प्राप्तिकराच्या दृष्टीने विक्रीच. वारशाने आलेल्या दागिन्याला मूळ मालकाची खरेदी किंमत आणि तारीख लागते. 1 एप्रिल 2001 पूर्वीचा असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो, आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला लागतो. तेव्हा सोनं 10 ग्रॅमला साडेचार हजारांच्या आतच होतं. वरच्याच भावाने आणि 21 कॅरेट कसाने 99 ग्रॅमचे 8,66,000 आले आणि 2001 ची किंमत 36,000 धरली, तर नफा 8,30,000. तुम्हाला दुसरं उत्पन्न नाही, म्हणून नव्या करप्रणालीत चार लाखांची मूळ सूट वजा करून उरलेल्यावर 12.5 टक्के आणि उपकर, म्हणजे सुमारे 56,000 रुपये. वर विवरणपत्र भरणं आलंच. कधी विकायची वेळ आलीच तर तोडे मार्चमध्ये आणि पाटल्या एप्रिलमध्ये विका. आर्थिक वर्षं दोन झाली की सूट दोनदा मिळते आणि याच आकड्यांवर कर साडेअकरा हजारांच्या आसपास येतो.

कस मात्र आत्ताच तपासून ठेवा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रावर सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. शुल्क चार नगांपर्यंत 200 रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे 45 रुपये. पेढीवरचं कॅरेटोमीटर (कस दाखवणारं यंत्र) फक्त पृष्ठभाग वाचतं. जुन्या पाटलीवर ते सांध्याजवळ धरलं तर तिथल्या डाखामुळे (जोडाला वापरलेल्या कमी कसाच्या धातूमुळे) कस कमी दाखवतं, म्हणून तीन-चार जागी वाचायला लावा. पक्कं उत्तर दागिना मुशीत आटवून निघालेल्या लगडीवरच मिळतं. पण एकदा आटवलं की परत फिरता येत नाही, तेव्हा आटणी तुमच्यासमोर, आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घेऊनच.

बोरमाळ तर मोडीत घालूच नका. त्या मण्यांचा पत्रा पातळ आणि आत लाख असते. समजा माळ 24 ग्रॅमची असेल, तर ती लाख काढल्यावर वजनाला किती उतरेल ते पाहून तुम्हाला वाईट वाटेल. घालायला मात्र ती उत्तम आहे. दोरा नव्याने ओवून घ्या, एवढंच.

कुड्या आणि नथ यांच्याबाबत माझा आग्रह आहे. मोडीत यांचं फक्त सोनं मोजलं जातं, खडे आणि मोती फुकटात जातात. त्या कुड्यांतले खडे हिरे असतील तर ते नैसर्गिकच, कारण दागिन्यात घालण्याजोगे लॅबग्रोन हिरे त्या काळात बाजारातच नव्हते. प्रश्न एवढाच, की ते हिरे आहेत की पांढरा पुखराज की काच. पेढीवरची उष्णतेवर चालणारी छोटी पेन काच वेगळी काढते, पण मॉयसॅनाइटला (हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा कृत्रिम खडा) ती फसते आणि नैसर्गिक-लॅबग्रोन यांत तिला फरक कळत नाही. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या प्रयोगशाळेत दाखवा. जुन्या कोंदणाची पाठ बंद असेल तर खड्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख असतो. गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात कुड्या घातल्या की पाणी आत शिरतं, वर्ख काळा पडतो आणि चांगला हिराही मेलेला दिसू लागतो. ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याला हे आधी सांगा. मळसूत्र झिजलं असेल तर फिरकी नवी करून घ्या. वजनाने कान ओघळत असेल तर सोन्याचा वेल लावा.

नथीतले मोती बसऱ्याचे, म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक निघाले, तर त्यांची किंमत नथीच्या सोन्याच्या कितीतरी पट असू शकते. नैसर्गिक की संवर्धित हे डोळ्यांनी किंवा दाताने घासून कळत नाही, एक्स-रे लागतो. तोवर त्यांच्यावर अत्तर, लिंबू, साबण काही नको.

नवा सेट घेताना बिल ओळीओळीने वाचा. एकूण वजन, खड्यांचं वजन, निव्वळ सोनं हे तीन आकडे वेगळे हवेत. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे तुमचे 4 कॅरेट हिरे 0.8 ग्रॅमचे. ते वजा केले नाहीत तर 14 कॅरेटच्या दराने 4,680 रुपये आणि वर घडणावळ तुमच्या माथी बसते. बिलावर ‘लॅबग्रोन’ असा स्पष्ट उल्लेख हवा. सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कसोबत नगावर कोरलेला ओळख क्रमांक) बीआयएस केअर ॲपवर तिथेच टाकून पाहा, कस 585 दाखवायला हवा. मोठा मधला खडा असेल तर त्याचं स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा क्रमांक खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेल्या क्रमांकाशी भिंगातून जुळवून घ्या. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था ऑक्टोबर 2025 पासून लॅबग्रोनला रंग आणि शुद्धतेची जुनी अक्षरी श्रेणी देत नाही, फक्त ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ म्हणते. तेव्हा तिथल्या नव्या प्रमाणपत्रावर ती अक्षरं नसतील तर घाबरू नका. खडे दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली नव्हे, दाराशी उजेडात कोऱ्या कागदावर पालथे ठेवून बघा. सीव्हीडीत कधी तपकिरी, दुसऱ्या पद्धतीच्या एचपीएचटीत कधी निळसर झाक येते, ती तिथे दिसते. खडा पडला तर बदलून देणार का, किती वर्षं, हेही बिलावर.

लॉकरमध्ये ठेवणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या, की चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. तुमच्या ऐवजाला ते पुरणार नाही, दागिन्यांचा विमा वेगळा उतरवा. त्यासाठी मूल्यांककाची यादी लागते, तीच 2001 च्या किमतीसह करून घेतलीत तर पुढे करासाठीही कामी येईल.

सेटची ऑर्डर नोव्हेंबरमध्येच द्या. घडवून हॉलमार्क होऊन यायला तीन-चार आठवडे धरा, आणि गळ्याला घालून पाहिल्यावर एखादी कडी कमी-जास्त करायला जानेवारी हाताशी राहील.