पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागत असल्यास घरी कोणते व्यायाम करून घ्यावेत?

आपल्या वडिलांना पक्षाघातानंतर पाण्याचा ठसका लागतो म्हणून आपण व्यायाम विचारले आहेत. मी डॉक्टर नाही. आईला हाच त्रास झाला तेव्हा तिचे व्यायाम मी करून घेत असे, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी पाहिले, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घातली, की घास कुठे अडतो आणि श्वासनलिकेत काही उतरते का, हे कळते. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अन्न जाते तरी ठसका लागतच नाही. त्यामुळे केवळ ठसका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नये. कोणता व्यायाम द्यायचा, हे त्या तपासणीवरून स्पीच थेरपिस्ट (बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासांवर उपचार करणारे तज्ज्ञ) ठरवतात.

आईला प्रथम शेकर व्यायाम सांगितला होता. उशीशिवाय उताणे झोपून, खांदे जमिनीला टेकलेले ठेवून, पायाची बोटे दिसतील इतके डोके उचलायचे आणि ६० सेकंद तसेच धरायचे. मध्ये मिनिटभर विसावा घेत असे ३ वेळा, आणि नंतर ३० वेळा डोके नुसते वर-खाली करायचे. हे दिवसातून ३ वेळा, ६ आठवडे. हनुवटीखालचे जे स्नायू गिळताना स्वरयंत्राला वर आणि पुढे ओढतात ते यामुळे बळकट होतात, आणि त्या ओढीनेच अन्ननलिकेचे वरचे तोंड नीट उघडते. वाचायला हे सोपे वाटते, पण धडधाकट माणसानेही एकदा करून पाहावे! आईला मानेच्या मणक्यांचे दुखणे असल्याने तिची मान तिसऱ्याच दिवशी धरली. मग थेरपिस्टनी खुर्चीत बसून हनुवटीखाली ठेवलेला रबरी चेंडू छातीकडे दाबायला सांगितले, आणि ते तिला जमले.

जिभेचे टोक दातांत हलकेच धरून आवंढा गिळण्याचाही एक व्यायाम आहे, मात्र तो केवळ लाळेवर करायचा. जीभ अशी धरलेली असताना श्वासनलिकेचे संरक्षण कमी होते, म्हणून तोंडात पाणी किंवा घास मुळीच नसावा.

पातळ पाणी घशातून वेगाने उतरते, त्यामुळे व्यायाम चालू असतानाही ते थेरपिस्ट सांगतील तितके दाट करूनच द्यावे. जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येऊ लागला किंवा ताप आला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.