पीएफ मोडून अमेरिकेत एमएस? आधी अर्जांची यादी बघा

प्रश्न : मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएसला जायचं म्हणते. दोन वर्षांचे 55 लाख धरलेत. माझं वय 54. पीएफ 30 लाख, ठेवी 18 लाख, घर स्वतःचं. कर्ज नको म्हणून पीएफ काढू का?

उत्तर : नको. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज मिळालं आणि शिक्षणकर्ज साडेदहा टक्क्यांच्या आसपास पडेल. सव्वादोन टक्के वाचवायला म्हातारपणची पुंजी मोडण्यात अर्थ नाही. शिवाय आयकराच्या जुन्या करप्रणालीत या कर्जाच्या पूर्ण व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते.

पण 55 मधून ठेवींतले 15 वजा करून उरलेल्या 40 लाखांचं कर्जही घेऊ नका. हिशेब बघा. वर्षाला 20 लाख उचलले, तर शिक्षण आणि पुढचे सहा महिने धरून सरळव्याजानेच 8.4 लाख चढतात. मग 48.4 लाखांवर दहा वर्षं महिना 65 हजारांचा हप्ता. अमेरिकेतल्या पगारात तो सहज जातो, पण तिथे नोकरीची मुभा ओपीटीचे (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) 12 महिने आणि स्टेमचे (विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना मिळणारी वाढीव मुदत) 24, एवढीच पक्की धरता येते. पुढे एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा 85,000, आणि तीही निवडीतून. म्हणून ती परत आली असं धरून हप्ता पुण्यातल्या पगारावर बसवून पाहा. तुम्ही आणि मुलगी मिळून महिना 35 हजार भरू शकत असाल, तर कर्ज 21 लाखांवर जाता कामा नये. ठेवींतले तीन लाख अडीनडीला ठेवून 15 घाला. झाले 36.

उरलेले 19 लाख यायचे ते विद्यापीठाकडून, नाहीतर स्वस्त विद्यापीठ निवडून. ते ठरतं अर्ज करतानाच. प्रबंधासह एमएस असलेली राज्य विद्यापीठं शोधा. टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचं पगारी काम) एमएसवाल्यांना मिळते का, हे विभागाला ईमेल करून विचारा. अनेक ठिकाणी ती पीएचडीसाठीच राखलेली असते. मुलीला संशोधनाची खरी ओढ असेल तर बीईनंतर थेट पीएचडीला दोन-तीन अर्ज करावेत, तिथे बहुधा फी माफ आणि वर विद्यावेतन. (नुसतं फुकट म्हणून पाच वर्षं काढता येत नाहीत.) निधीसाठीची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, नंतर जागा मिळते, पैसे नाही. त्यासाठी तिन्ही शिफारसपत्रांचं प्राध्यापकांना ऑक्टोबरमध्येच सांगून ठेवावं. कॅम्पसवरच्या आठवड्याला 20 तासांच्या कामातून किराणा सुटतो, फी नाही. ते हिशेबात धरू नका.

आय-20 साठी (विद्यार्थी व्हिसाकरता विद्यापीठ देतं तो कागद) पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. ते हाताशी असलेले किंवा मंजूर कर्जाचे हवेत, घराचं मूल्यांकन उपयोगी नाही. त्यामुळे कर्ज जास्त मंजूर करून घ्या, उचला कमी. व्याज उचललेल्यावरच लागतं. तारणासाठी घर द्यायचं आणि ते वडिलोपार्जित असलं, तर भावा-बहिणींच्या सह्या आत्ताच मिळवा. फाईल अडते ती इथेच. बँकेच्या कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही. स्वतःचे मात्र एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या आतच पाठवा, बाकीचे एप्रिलनंतर.

आठ अर्ज पुरेत, सरासरी 100 डॉलरने साधारण 70 हजार. ज्या नावाचा दोन वर्षांचा खर्च 36 लाखांवर जातो आणि निधीची शक्यता नाही, तिथे ते शंभर डॉलरही भरू नका.