आधी फावडे

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. वस्तीतल्या रिंकवर, म्हणजे उघड्यावरच्या बर्फाच्या मैदानावर, आइस हॉकी खेळायला जावेसे तर वाटते, पण त्याआधी बंदिस्त रिंकमध्ये पैसे भरून स्केटिंग नीट शिकून घ्यावे आणि मगच त्या मुलांत उतरावे, असा तुझा बेत दिसतो. शिवाय दोन रविवार गेलीस तेव्हा कोणी पास दिला नाही, म्हणून हा खेळ आपल्या लोकांचा नव्हेच, अशी शंकाही तू काढली आहेस. धीर धर, सरावाने येईल, असले काही मी लिहीत नाही. ते तुलाही ठाऊक आहे. मला एवढेच विचारायचे आहे की त्या दोन्ही रविवारी रिंकवरचे हिम कोणी काढले?

तू काढले नसणार, कारण काढले असतेस तर तसे लिहिले असतेस. कॅनडातल्या या एडमंटन शहरात वस्ती-वस्तीला रहिवाशांचे मंडळ असते, ज्याला इथे कम्युनिटी लीग म्हणतात, आणि ही रीत 1917 पासून चालत आलेली आहे. आपल्या वस्तीतले रिंक नगरपालिकेचा कोणी पगारी माणूस येऊन तयार करत नाही. दिवसभराची नोकरी करून आलेली चार-पाच माणसे रात्री नळी ओढत नेऊन तिथे पाणी मारतात. आपण दुपारी यायचे, गुळगुळीत बर्फावर दोन तास खेळायचे आणि निघून जायचे, याला आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. रागावू नकोस. मी हे सगळ्यांनाच सांगतो, म्हणून मंडळात मला तऱ्हेवाईक समजतात.

माझे म्हणणे एकच आहे: स्केट पायात चढवण्याआधी फावडे हातात घ्यायचे. खेळ येत असो वा नसो, बर्फ आधी झाडायचा.

हे मी शिस्त म्हणून सांगत नाही. फावडे ढकलत रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीस की तुझे निम्मे स्केटिंग तिथेच होते. गुडघे आपोआप वाकतात, भार पुढे येतो आणि हातात आधारही असतो. ज्या वर्गाची फी भरायला तू निघाली आहेस, तिथेही नवख्या माणसाला सुरुवातीला हेच करायला लावतील, फक्त फावड्याऐवजी प्लास्टिकची चौकट देतील. शिवाय बर्फ कुठे तडकला आहे आणि पाते कुठे अडकते, हे फावडे धरणाऱ्याला खेळणाऱ्याच्या आधी कळते. हिमाची रेघ मागे राहू देऊ नकोस. ती रात्रीत गोठली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्यावर ठेचकाळून तोंडावर पडते.

पास न मिळण्याचे कारणही ऐक. इथे संघ ठरतात ते सगळ्यांच्या स्टिक मध्यभागी टाकून; कोणीतरी न बघता एक इकडे, एक तिकडे अशा त्या वाटून देतो. गुण कोणी लिहून ठेवत नाही, गोलरक्षक बहुधा नसतो, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हवेत उडवायचा नाही आणि अंगाला अंग भिडवायचे नाही. इतक्या सैल खेळात तुझा रंग कोणी पाहत नाही, हे मी खात्रीने म्हणणार नाही. इतकी वर्षे इथे राहिल्यावर तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण स्टिक कमरेपाशी धरून उभ्या असलेल्या खेळाडूला पास मिळत नाही, मग तो कोणीही असो. तिचे पाते बर्फावर टेकवून ठेव. आणि सकाळी ज्याच्याबरोबर तू अर्धा तास हिम उपसले आहेस, तो दुपारी तुला नावाने हाक मारतो, हेही मी पाहिलेले आहे. राहिला ‘आपल्या लोकांचा’ प्रश्न. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर खेळत मोठ्या झाल्या, आणि त्यांच्याच बळावर भारताच्या महिला संघाने 2025 साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. नाशिकच्या मुलीने ही सबब मला सांगू नये.

आधी शिकून मग उतरू, हा विचार मला चांगलाच ओळखीचा आहे. मी या शहरात आलो तेव्हा एडमंटन ऑइलर्स या इथल्या व्यावसायिक हॉकी संघाचा सुवर्णकाळ चालला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी त्या संघातल्या वेन ग्रेट्स्कीचे नाव होते. मी मात्र कित्येक हिवाळे रिंकभोवतीच्या फळ्यांबाहेर ऑफिसच्या बुटात उभा राहून पोराटोरांचा खेळ पाहत होतो, कारण पडलो तर हसे होईल याची धास्ती. त्या हिवाळ्यांची हळहळ अजून जात नाही. शेवटी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने, उभाच आहेस तर हे धर, म्हणून फावडे पुढे केले. ग्रेट्स्कीच्या, स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास मिळून झालेल्या, 2,857 गुणांच्या गोष्टी इथे कोणीही तुला सांगेल. मला त्याच्यापेक्षा त्याचे वडील वॉल्टर मोठे वाटतात, ज्यांनी ब्रँटफर्डमधल्या घराच्या परसात पाणी साठवून मुलासाठी रिंक केले.

तुझ्या काकूचे मत वेगळे आहे. तिच्या मते मी आयुष्यभर लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. 22 नोव्हेंबर 2003 रोजी इथल्या कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये ऑइलर्स आणि माँट्रियाल यांचा सामना उघड्यावर झाला, 57,167 माणसे उणे 18 अंशांच्या आसपासच्या थंडीत बसली, आणि माँट्रियालच्या गोलरक्षकाने शिरस्त्राणावर लोकरीची टोपी चढवून खेळ केला. काकूने दोन तिकिटे मिळवली होती. मी गेलो नाही. पाणी मारायला अशी थंडी दर आठवड्याला मिळत नाही, आणि पहिले थर नीट बसले नाहीत तर पुढचा सगळा हंगाम बिघडतो. याचे मला अजूनही काही वाटत नाही. जे पाहायला सत्तावन्न हजार माणसे पैसे मोजून गेली, ते आमच्या गल्लीत फुकट होते आणि तयार आम्ही करत होतो.

पाणी कसे मारतात ते तू एकदा पाहाच. अंगण सारवताना जसा पातळ हात फिरवतात, तसे ते काम आहे. एकदम भरपूर पाणी सोडले तर वर कवच धरते, खालचे पाणी झिरपून जाते आणि मध्ये पोकळी राहते. तिच्यावर पाय पडला की काच फुटल्यासारखा आवाज होतो आणि पाते आत रुतते. म्हणून पातळ थर द्यायचा, तो पुरता गोठू द्यायचा आणि मगच दुसरा. त्याच्याही आधी काय करायचे ते आता मी पुन्हा लिहायला नको. हिमावर पाणी मारले तर खरजेसारखे फोड उठतात.

मैत्रिणींबरोबर वस्तीमागच्या तळ्यावर खेळायचा जो बेत तू शेवटी घाईघाईने लिहिला आहेस, तो मात्र आजच मोडीत काढ. ते तळे पावसाचे पाणी साठवण्यासाठी केलेले आहे. खालून पाणी आत-बाहेर होत असते, त्यामुळे बर्फ एका ठिकाणी हातभर तर दहा पावलांवर बोटभर असू शकतो, आणि वरून ते कळत नाही. खऱ्या सरोवरावर जायचे असेल तर जाणकाराबरोबर जा. एकट्या माणसाला 15 सेंटीमीटर आणि खेळायला जमलेल्या घोळक्याला 20 सेंटीमीटर स्वच्छ, निळसर बर्फ हवा, तोही जागोजागी भोके पाडून मोजलेला. पांढऱ्या, अपारदर्शक बर्फात साधारण निम्मीच ताकद असते आणि करड्या बर्फावर पाऊलही टाकू नये.

पुढच्या वर्षी बघू, असेही तू लिहिलेस. कोणते पुढचे वर्ष? ओटावाचा रिडो कालवा, ज्यावर 7.8 किलोमीटर स्केटिंग करता येते, तो 2022-23 च्या हिवाळ्यात एक दिवसही उघडला नाही. 1970-71 मध्ये ती प्रथा सुरू झाल्यापासून असे कधी झाले नव्हते. आपल्याकडे थंडी अजून टिकून आहे, पण जानेवारीत मध्येच ऊन पडून आठवड्याची मेहनत पाणी पाणी होते, हे मी हल्ली बरेचदा पाहतो.

तेव्हा शनिवारी रात्री नऊला ये. स्केट आणू नकोस. आतून लोकर लावलेले रबरी बूट आण, कारण नळीचे पाणी पायावर येतेच, आणि हातमोज्यांचे दोन जोड आण, कारण पहिला जोड अर्ध्या तासात भिजून कडक होतो. काम संपल्यावर नळी उंच धरून पुढे पुढे चालत तिच्यातले सगळे पाणी काढून टाकायचे असते. ते राहिले तर सकाळी तिची काठी झालेली असते. ते काम मी तुझ्यासाठी राखून ठेवतो. फावडी खोलीच्या दाराआड आहेत, त्यातले लाल दांड्याचे माझे आहे, ते सोडून कोणतेही घे.

तुझा,
काका