सांदवाडीतल्या भेंडीला कपाशीचं औषध नको

राळेगाव तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे: "घरामागच्या सांदवाडीत भेंडीच्या चार ओळी आहेत. पानं पिवळी पडत आहेत, काही झाडांचे शेंडे मान टाकून आहेत. घरचे म्हणतात, कपाशीसाठी आणलेलं औषध उरलं आहे, त्यातलंच मारून देतो. चालेल का?"

नाही ताई, अजिबात मारू नका. भेंडी तोडणीला आली की आपण ती एक दिवसाआड तोडतो. म्हणजे आज फवारलं तर परवा तीच भेंडी लेकरांच्या ताटात. कपाशीवरची बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, झाडाच्या रसातून फळात उतरतात. वरून कितीही धुवा, ती निघत नाहीत. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक तर भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. तेच विष घराच्या भिंतीला लागून, चुलीपासून दहा पावलांवर कशाला आणायचं?

पंपाचंही तसंच. वावरात ज्या पंपानं तणनाशक मारलं, तो दोनदा धुतला तरी नळीत आणि नोझलमध्ये अंश राहतो. २,४-डी या तणनाशकाचा वारा लागलेली कपाशी तुम्ही पाहिली असेल, पानं चिरून अरुंद होतात. टमाटर, भेंडी, वांगं यांचंही तसंच होतं. सांदवाडीसाठी एक-दोन लिटरचा हातपंप वेगळा ठेवा. आणि औषधाचे रिकामे डबे कापून त्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायची सवय काही घरांत दिसते, ती आजच सोडा.

आता रोगाकडे या. एक पिवळं पान तोडून उजेडाकडे धरा. शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, असं जाळं दिसलं तर तो हळद्या. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर कुठलंच औषध नाही. असं झाड दिसताच उपटून पुरून टाका. एका झाडाचा लोभ केला तर ओळ जाते. पानाच्या कडा पिवळ्या होऊन वर वळल्या असतील, वाटीसारख्या, तर पान उलटं करून पाहा. हिरवट, तिरपे चालणारे तुडतुडे दिसतील. आणि नुसती खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी पडली असतील तर कीडबीड काही नाही, मुळाशी पाणी साचलं आहे. आपल्या भारी काळ्या जमिनीत झडीच्या दिवसांत हे हमखास होतं. तीन फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा केला, कडेनं नाली काढली की हा प्रश्न बराचसा संपतो.

मान टाकलेला शेंडा उभा चिरून पाहा. आत ठिपक्याची बोंडअळी सापडेल. भेंडी, अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, म्हणून वावरातली कीड सांदवाडीत येणारच. चार ओळींना फवाऱ्यापेक्षा हात बरा: रोज सकाळी वाळका शेंडा आणि छिद्र पडलेली भेंडी तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर फेकू नका. कुंपणाला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, लावल्या असतील तर त्या काढा, त्यांच्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, वीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण दहा लिटर करा. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं मारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा. जून-जुलैत गावातल्या लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. तेव्हाच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. पुढच्या वेळी बियाणं परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या. हळद्याला या जाती बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

दर्यापूरकडच्या एका भाऊंची अडचण वेगळी आहे. विहिरीचं पाणी खारं, भाजी लावली की सुकते. भाऊ, खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, श्रावणघेवडा, गाजर, मुळा, कांदा यांचा नाद सोडा. खाऱ्या पाण्याला ही पिकं नाजूक. पालक आणि बीट तग धरतात. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत धरा आणि रोपं लहान असेपर्यंत तेच द्या, कारण झाड खारेपणाला सगळ्यात जास्त बळी पडतं ते याच वयात. कपडे धुतल्याचं पाणी वाफ्यात सोडू नका. धुण्याच्या सोड्यातल्या सोडियमनं आधीच चिवट असलेली जमीन आणखी घट्ट होते. न्हाणीचं पाणी केळीला, अळूला चालेल, कच्च्या खायच्या भाजीला नको. जिप्सम टाकायचं की नाही, हे माती तपासल्यावरच ठरवा. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या.

उन्हाळ्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा टमाटराची फुलं गळतात, कितीही पाणी द्या. मार्चनंतर गवार, चवळी आणि तांदुळजा यांच्यावरच भर द्या. वर हिरवी नेट, पाणी संध्याकाळी, आणि बुडाशी सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसा) दोन-तीन इंच पसरा. फक्त खोडाला चिकटू देऊ नका, दोन बोटं जागा मोकळी ठेवा.